आंब्याचं झाड होतं तिथून उजवीकडे

लेकीला मेतकूट पाठवायचं होतं. ती राहते त्या देशात पिनकोडच नाहीत. फोनवर ती पत्ता सांगत होती आणि मी खोक्यावर लिहीत होतो, "आंब्याचं झाड होतं तिथून उजवीकडे, निळ्या दाराचं घर."

"होतं म्हणजे? आता नाही?"

"कधीच पडलं, बाबा. मीसुद्धा पाहिलेलं नाही. पण इथे सगळे त्यावरूनच घर सांगतात."

मला हसू आलं. पडलेल्या झाडालाही पत्त्यात जागा देणारी माणसं!

मग खिडकीतून खाली लक्ष गेलं. गाडीला जागा हवी म्हणून गेल्याच महिन्यात सोसायटीच्या मागे लागून मी फाटकाजवळचा कडुलिंब पाडायला लावला. पाडव्याला सगळी गल्ली त्याच्या डहाळ्या न्यायची. आता तिथे माझी गाडी उन्हात तापत उभी असते. पार्सलं मात्र बिनचूक येतात. सहा आकड्यांना झाड लागत नाही.

लेकीला हे अजून सांगितलेलं नाही.

पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला. नाव, घर नंबर, पिनकोड. पेन तिथेच घुटमळलं. मग खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'कडुलिंब होता तिथे.'