एकाहत्तराव्या पानाचा कोपरा

माझ्या मामाला पुस्तकं बांधता येतात आणि दुसरं फारसं काही येत नाही, असं माझी आई म्हणते. आई त्याची थोरली बहीण, तेव्हा तिला तसं म्हणायचा हक्क आहे. मला विचाराल तर त्याला वाटही बघता येते. पुस्तकं चिकटवायचा सरस वाळायची वाट, ओला कागद सपाट व्हायची वाट, शिकंजा सैल करायच्या घटकेची वाट. एकदा खुर्चीत बसला की बसला. समोरून अख्खी गल्ली चालत गेली तरी याला पत्ता नसतो.

गल्लीत त्याला सगळे डिंकमामा म्हणतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी लांब टेबल, भिंतीशी पुस्तकं दाबून धरणारा लोखंडी शिकंजा, आणि कोपऱ्यात गरम पाण्याच्या पातेल्यात बसवलेलं सरसाचं लहान भांडं. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन आत येतं आणि टेबलावरच्या सुट्या पानांवरून सावकाश सरकत जातं. त्या वेळी तिथे बोलू नये असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी बोलत नाही. मी वरच्या मजल्यावर राहते, आणि कितीदा तरी काम सोडून नुसती त्या उन्हात जाऊन बसते.

मामाचं लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं. भांडण नाही, तंटा नाही. मामी एका सकाळी बॅग घेऊन गेली ती गेलीच. त्यानंतर मामाने बांधलेलं पुस्तक सुटलेलं मी कधी पाहिलं नाही. गरजेपेक्षा चार टाके जास्त आणि सरसाचा एक हात जास्त, ही त्याची रीत पडून गेली. पुस्तकं टिकत, पण उघडायला जड जात. एका हाताने पान दाबून धरल्याशिवाय वाचताच येत नसे.

ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा केली ती लायब्ररीवाल्या बाईंनी. वीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, त्या फाटक्या पुस्तकांची पिशवी घेऊन यायच्या. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. पुस्तकं मोजून द्यायच्या, मागच्या वेळची तपासायच्या, 'फार घट्ट झालंय हो' म्हणायच्या, आणि चहा घेऊन जायच्या. वीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना पुस्तकांखेरीज काही सांगितलं असेल तर ते हवामान. पण सोमवारपासूनच मामा टेबल पुसायला लागायचा, हे मी वरून बघत होते.

त्या महिन्यात पिशवीत एक जपानी पाककृतींचं पुस्तक आलं. भाषांतर होतं. लोकांनी ते इतक्यांदा नेलं होतं की शिवण पार सुटली होती. बाईंनी एकाहत्तरावं पान काढून मामाच्या पुढ्यात ठेवलं. निळ्या बशीत पांढऱ्या केकचा एक तुकडा, खाली बिस्किटाचा तपकिरी थर. फुंकर मारली तर हलेल इतका मऊ. बाई म्हणाल्या, हा चीजकेक भट्टीत भाजायचा नसतो, थंड जागी ठेवून द्यायचा, मग तो आपला आपण जमतो. कधीपासून खाऊन बघायचाय मला. आणि त्याच दमात त्यांनी सांगून टाकलं की त्या निवृत्त होताहेत, दुसऱ्या गावच्या बहिणीने त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, तीस तारखेला सामानाचा ट्रक यायचा आहे. ही शेवटची पिशवी.

मामाने ते पान उचलून उजेडात धरलं. मग म्हणाला की हे पुस्तक पंचवीस तारखेला तयार होईल. त्या दिवशी रविवार, लायब्ररी बंद असते, असं बाईंनी सांगितलं. तेव्हा त्याने त्यांना चहाला बोलावलं. कामाशिवाय, वीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी तो जिना चढून माझ्याकडे आला. तो केक करणार, बाईंना खाऊ घालणार, आणि मग जाऊ नका म्हणून सांगणार, असा त्याचा बेत होता. मी म्हटलं, आधी सांग, मग खाऊ घाल. त्यावर तो म्हणाला, "रिकाम्या हाताने कसं सांगू?"

अडचण एकच होती. एकाहत्तराव्या पानाचा खालचा कोपरा कुणीतरी फाडून नेला होता, आणि जिलेटिन किती घालायचं ते नेमकं तिथेच होतं. मामाने कोपरा पातळ कागदाने सुरेख सांधला होता, पण कोरा. बाइंडरचा तसा दंडकच आहे: गेलेला कागद पुरवायचा, गेलेली अक्षरं नाहीत. ती आपली नव्हेत. मी म्हटलं, फोनवर शोधून देते, दोन मिनिटांचं काम. तर मलाच ऐकवलं, की जिलेटिन म्हणजे सरसाचाच न्हाऊनमाखून आलेला चुलतभाऊ, दोघेही हाडाकातड्याचेच, आणि पस्तीस वर्षं सरस ढवळलेल्या माणसाला माप काय शिकवतेस. मी हात टेकले.

शनिवारी दुपारी त्याने केक केला. बिस्किटं फडक्यात बांधून पुस्तकाचा कणा गोल करायच्या हातोडीने कुटली. वितळलेलं लोणी मिसळून तो चुरा गोल डब्यात पसरला, वर लाकडी चकती ठेवली आणि डबा सरळ शिकंज्यात सरकवला. दहा मिनिटांनी त्या थरावर टिचकी मारली तर पुठ्ठ्याचा आवाज आला. मामा खूश. रात्रभर फडक्यात टांगलेलं दही, मऊ झालेलं क्रीम चीज, साखर, लिंबाचा रस, फेटलेली साय, सगळं त्याने लाकडी सुरीने इतक्या हळू एकत्र केलं की मला डुलकी लागायची वेळ आली. पांढरं, जाडसर, उन्हात चमकणारं. तीनदा गाळून घेतलं. त्या खोलीत पहिल्यांदाच लिंबाचा वास सुटला होता.

मग जिलेटिन. गार पाण्यात भिजवलं, फुगू दिलं, गरम पाण्यात वाटी ठेवून विरघळवलं, उकळू दिलं नाही. इथवर कुठलाही आचारी करील तसंच. पण त्यानंतर मामाने अंगठा आणि बोट त्यात बुडवून ताणून पाहिलं. तार येईना. सरसाला तार यायलाच हवी. म्हणून आणखी घातलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा घातलं. तार आली तेव्हा पाकीट जवळजवळ रिकामं झालं होतं. मी बघत होते आणि बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

डबा फ्रिजमध्ये गेला आणि मामा फ्रिजसमोर खुर्ची मांडून बसला. फ्रिजची घरघर चालली होती, ऊन पायापासून गुडघ्यापर्यंत आलं होतं, आणि त्याचा डोळा लागला. उठल्यावर त्याने मला स्वप्न सांगितलं. लायब्ररीतली सगळी पुस्तकं शिवणीशिवाय हवेत उभी होती. दोरा नाही, पुठ्ठा नाही, तरी एक पान खाली पडत नव्हतं. बाई त्यातून चालत होत्या आणि पानं जरा बाजूला होऊन त्यांना वाट देत होती. "मी नुसता बघत होतो गं," तो म्हणाला. "मला काहीच करावं लागत नव्हतं." मी त्याला इतका शांत कधी पाहिला नव्हता.

रविवारी चार वाजता बाई आल्या. मला मामानेच खाली बसवून घेतलं होतं, धीराला. केक बशीत काढला तो दिसायला अगदी पुस्तकातला. पण सुरी घातली तर सुरीच वाकली. दोन्ही हातांनी दाबून मामाने एक तुकडा काढला, तो ताठ उभा राहिला. बाईंनी चमचा टेकवला, चमचा उडून परत आला. त्यांनी शेवटी हातानेच मोडून एक घास तोंडात घातला आणि चावायला लागल्या. चावतच राहिल्या. मामाचा चेहरा पार उतरला. मला त्याच्याकडे बघवेना.

घास संपल्यावर बाईंनी नवं बांधलेलं पुस्तक उघडलं, पान दाबून धरलं आणि कोऱ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. जिलेटिन किती घातलंत, त्यांनी विचारलं. अंदाजाने, मामा म्हणाला.

"पुस्तक बांधायच्या अंदाजाने?"

मामाने मान हलवली. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "कमी घातलं तर सुटेल अशी भीती वाटते मला. सगळ्याचीच वाटते. बाई, तुम्ही जाऊ नये असं मला फार वाटतं."

बाईंनी दुसरा घास मोडला, तोही सावकाश चावून संपवला. मग अंबाड्यातली पेन्सिल काढली. पुस्तकात रेघ मारली म्हणून लायब्ररीत येणाऱ्या मुलांना तासभर उभं करणाऱ्या बाई या. त्यांनी त्या कोऱ्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बारा ग्रॅम' असं लिहिलं आणि म्हणाल्या की पुढच्या रविवारी एवढं घालून बघू.

मामा बोटांवर मोजू लागला. "पुढचा रविवार म्हणजे दोन तारीख," तो चाचरत म्हणाला. "ट्रक तर तीसला आहे."

"मला तारखा कळतात," बाई म्हणाल्या, आणि चहा ओतायला उठल्या.

बहिणीने रंगवलेल्या खोलीत आता ती दोघं मे महिन्यात पंधरा दिवस राहून येतात. आईचं म्हणणं अजून बदललेलं नाही, पण केक मात्र ती मागून घेते. मामाची पुस्तकं अलीकडे टेबलावर ठेवली की आपली आपण उघडी राहतात. पाककृतींचं ते पुस्तक लायब्ररीत परत गेलं, मधूनमधून मी ते घरी आणते. एकाहत्तरावं पान उजेडात तिरकं धरलं की कोपऱ्यातलं सगळं दिसतं. बारा, खोडलेलं. नऊ, खोडलेलं. सात, खोडलेलं. पाच, तेही खोडलेलं. त्या रविवारी केक बशीभर पसरला आणि दोघं तो चमच्यांनी खाताना इतकी हसली की मी वरून खाली आले. मग सहा. सहा कुणी खोडलेलं नाही.