वैभवीच्या गॅलरीतली गुळवेल

शैलेंद्रला मी पहिल्यांदा पाहिलं ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी. मी मुलीकडे नुकतीच राहायला आले होते. लिफ्टमध्ये कोणीतरी खोकलं, तसा हा मास्क लावलेला उंच माणूस मागे सरला.

"काकू, तुम्ही व्हा पुढे. मी नंतर येतो."

मला तो तुसडा वाटला. पुढे कळलं, बायकोनं, वैभवीनं, त्याला आपली एक किडनी दिली होती. साध्या सर्दीपासूनही त्याला जपावं लागे.

वर्षभरानं त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी नीट गाळत नव्हती. ताप नाही, दुखणं नाही. तोवर वैभवीशी माझी गट्टी जमली होती; तिला धीर हवा म्हणून मीही दवाखान्यात गेले.

"किडनीला सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "शरीर तिला नाकारत असेल, विषाणू असेल, किंवा जुना आजार उलटला असेल. बायोप्सीशिवाय कळणार नाही. नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची. विषाणू असेल तर तीच कमी करायची."

वैभवी माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यभर भूगोल शिकवलेला. मलाही काही उमजेना.

"दुसरं काही औषध घेता?" डॉक्टरांनी शैलेंद्रला विचारलं.

"नाही," शैलेंद्र म्हणाला.

"काढा औषधात धरतात का?" वैभवीनं हळूच विचारलं. "गुळवेलीचा. रोज देते यांना. गॅलरीत लावलीय. प्रतिकारशक्ती वाढते ना त्यानं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तीच तर आम्ही दाबून ठेवतोय, ताई."

बायोप्सीत शरीर किडनी नाकारतंय असं निघालं. सलाइनमधून स्टिरॉइड दिली. काढा बंद झाला. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही घसरलेलं होतं. नेमकं कशानं झालं हे डॉक्टरही ठामपणे सांगेनात.

"माझीच किडनी, आणि मीच घालवत होते की काय?" घरी येताना गाडीत वैभवी म्हणाली.

"तुझीच ना? मग भांडणारच माझ्याशी," शैलेंद्र म्हणाला. "सवय आहे तिला."

वैभवी हसली नाही. "काकू, तुम्ही सांगा, काढ्यानंच झालं का?"

"डॉक्टरांनाच कळलं नाही, मला काय कळणार?" मी म्हणाले.

किडनी वाचली, पण क्रिएटिनिन पूर्वीइतकं खाली आलं नाही. शैलेंद्र पुन्हा फॅक्टरीत कामाला जातो, दर महिन्याला रक्त तपासतो. गुळवेल अजून गॅलरीतच आहे. वैभवी तिच्याकडे बघत नाही. पाणी तोच घालतो.