अर्धं पांढरं छत

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरी बसणार नाही, हे घरच्यांना ठाऊकच होतं. मालेगावात आमच्या वस्तीजवळ क्रीडा भवन आहे. विटांच्या भिंती, वर टिनाचं छत, दोन्ही बाजूंना चार-चार खिडक्या. तिथे मी रोज चारला मुलींना कबड्डी शिकवू लागले. बाहेरच्या मैदानावर त्यांना खेळू द्यायला घरचे तयार नव्हते, भवनात मात्र पाठवत होते. त्यामुळे भवन बंद पडलं की त्यांचा खेळ बंद.

एका एप्रिलात चढाईला गेलेली आमची सगळ्यात चपळ मुलगी मॅटवरच मटकन बसली आणि आडवी झाली. पाणी मारलं, कांदा हुंगवला, तेव्हा कुठे शुद्धीवर आली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा निरोप आला: आता उन्हाळा सरल्यावरच पाठवीन.

भवनाच्या समितीचे अध्यक्ष मोठे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण ऐकून घ्यायची सवय नाही. त्यांनी बैठकीत ठरवूनच टाकलं की खिडक्या विटांनी बुजवायच्या आणि दोन एसी बसवायचे.

"दुपारी लाइन जाते, तवा काय करसान?" मी विचारलं.

"जनरेटर लावू."

"म्हंजे गरमी घालवाले एसी, अन् एसी चालवाले जनरेटर?"

"बाई, तुमी कबड्डी पाहा. इमारतीतलं तुमाले काय समजते?"

काळं कापड आणि पांढरं कापड उन्हात ठेवून पोरांना विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली होती. ते वाक्य मला झोंबलं.

टिनकाम करणाऱ्या एका चाचांची नात माझ्याकडे खेळायची. चाचांना मी छत दाखवलं. ते म्हणाले, "टिन काळं पडलं हाये, बाई. चुना मारून पाहू. पावसात धुऊन जाईन, पण यंदाचा उन्हाळा तर निभून जाईन." मग त्यांनी विचारलं, "इजाजत कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

रविवारी ऊन चढायच्या आत चाचा छतावर गेले. खाली मुलींनी चुन्यात डिंक कालवला आणि बादल्या वर दिल्या. पण चुना अर्ध्या छतालाच पुरला. मी हिरमुसले. उरलेला नंतर मारू, असं म्हणून आम्ही घरी गेलो.

अध्यक्षांना हे कळलं आणि सोमवारी सकाळीच त्यांनी गवंडी धाडला. मी पोचले तेव्हा पश्चिमेच्या दोन खिडक्या बुजल्या होत्या. तिसरीत मी जाऊन बसले.

"उतरा ना बाई, मले काम करू द्या," गवंडी म्हणाला.

"ज्यानं धाडलं त्याले बोलाव."

मी हलले नाही. चाचा चहा घेऊन आले, एकेक करत मुलींच्या आया आल्या आणि पांढऱ्या छताखाली बसल्या. भर दुपारी अध्यक्ष समितीला घेऊन आले. उरलेल्या जागेत खुर्च्या टाकल्या गेल्या, ती जागा काळ्या टिनाखालची. लाइन गेलेलीच होती.

"कोणाले इचारून छत रंगवलं?" त्यांनी सुरुवात केली. नियम सांगितले, ठराव वाचला. वाचता वाचता खांद्यावरच्या दुपट्ट्याने मान पुसत त्यांनी खुर्ची थोडी सरकवली. मग आणखी हातभर. मागोमाग समितीही सरकली. ठराव संपेस्तोवर सगळे बायकांना खेटून बसले होते.

चक्कर आलेल्या मुलीची आई पदर तोंडाला लावून हसली. "साहेब, तुमची जागा तर तिकडं होती."

अध्यक्षांनी वर पाहिलं, इकडून तिकडं.

"खिडकीतून उतरा आता," ते मला म्हणाले.

"ठराव बदलल्यावर."

त्यांनी ठरावाच्या कागदाची घडी केली. मग चाचांकडे वळून म्हणाले, "उरलेलं कधी करता?"

ठराव बदलला. सहा खिडक्या वाचल्या, त्यांच्यावर छज्जे आले. भिंतीत वर झरोके पाडले, एलईडी दिवे लागले. चुना पावसात धुऊन गेला, तेव्हा टिनाला पक्का पांढरा रंग मारला. पुढच्या वर्षी छतावर सोलर बसलं. आता लाइन गेली तरी पंखे फिरतात. बुजलेल्या दोन खिडक्या मात्र तशाच आहेत आणि त्या कोपऱ्यात अजून कोंदट होतं. त्याचा अर्ज मी दर बैठकीत देते.

ती चपळ मुलगी मात्र त्याच वर्षी, मे महिन्यातच परत आली होती. आधी तिची आई येऊन दोन दुपारी बसून गेली, स्वतः खात्री करून.

यंदा समितीत नवीन कल्पना निघाली आहे. भवन थंड राहतं, तर लग्नसराईत ते लग्नांना द्यावं. मुलींच्या सगळ्या आयांच्या सह्या घेऊन मी विरोधाचं पत्र नेऊन दिलं. अध्यक्षांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"अन् आमी नाही मानलं तर?"

"चार वाजता पोरी मॅट टाकतीन," मी म्हटलं. "वऱ्हाडी मंडळींनी पाय सांभाळून बसावं."