टायरातलं घमेलं

ओमानात जबल अख्दरच्या डोंगरावर एका बागेत मी मस्कतहून कोंबड्यांचं खाद्य पोचवायचो. तिथला राखणदार राजापूरकडचा. माणसांशी बोलणं त्याच्या जिवावर यायचं. 'खलास' म्हटलं की त्याचं बोलणं संपलं. थंडीत पाणी गोठू नये म्हणून कोंबड्यांचं घमेलं त्याने जुन्या टायरात बसवलं होतं. तरी पहाटे त्यात बर्फ व्हायचंच. ते बोटांनी फोडून तो आपल्या चहाचं आधण त्यात ओतायचा. "पिया गो बायांनो, गार नाय हां."

परवा अर्बाबने, म्हणजे मालकाने, बाग विकली आणि कोंबड्या कापायला सांगितल्या. त्या सकाळीही राखणदाराने आधण ओतलं. सगळ्या पिऊन होईपर्यंत उकिडवा बसून राहिला. मग सुरी घेतली. पाय मी धरले.

शेवटी उरलेल्या पाण्यात हात बुडवून तो मला म्हणाला, "तू पण धू. गार नाय हां."