चार बोटं धुरा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी दुसरं काय लपवलं आहे?

आमची धानाची बांदी, म्हणजे भाताचं खाचर, सौंदडच्या वाटेवर. बाबा रोज सकाळी तिच्या धुऱ्यावरून, कडेच्या मातीच्या बांधावरून, पाणी पाहायला जात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कोणी हटकलं तर म्हणत, "माझे पाय धुऱ्याले ओळखतात." ओळखतच होते. चाळीस पावसाळे त्यावरून गेले होते ते.

एका श्रावणात बाबा तिथंच पडले. मांडीचं हाड मोडलं. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या. गाव म्हणालं, वय झालं. आई म्हणाली, चक्कर आली असेल. चौथ्या दिवशी बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "पायच बेइमान झाले रे." मी मान हलवली. हो म्हणालो.

हाड जुळलं, पण सुटलेला धीर परत आला नाही. न्हाणीपर्यंत जायचं तरी भिंत धरत. बाकी दिवसभर खाट.

आता सांगतो. पाय बेइमान नव्हते. रोवण्याआधी मी फावड्यानं तो धुरा तासला होता — धानाची एक ओळ जास्त बसावी म्हणून. चांगला चार बोटं. सगळेच थोडाथोडा तासतात. पण ज्याचा बाप पायांनी पाहतो, त्यानं घरी एक शब्द बोलायला नको? बाबा रागावतील म्हणून बोललो नाही. आणि पडल्यावर तर — मुळीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी धुऱ्यावर माती चढवली, ठोकून घट्ट केली, पहिल्यापेक्षा रुंद. बाबांना हात धरून नेलं. दहा पावलं त्यांनी माझं मनगट आवळून धरलं. मग म्हणाले, "सोड आता. चालून राहिलो ना मी."

त्यानंतर सहा पावसाळे चालले ते. पाय पुन्हा इमानाला आले, असं गावभर सांगत. मी ऐकत राहिलो.

ते गेले. मी अजून दरवर्षी तिथं माती चढवतो. शेजारचे म्हातारेही आता तोच धुरा धरून जातात. बायको म्हणते, "एवढा रुंद कायले? त्यावरून का बंडी हाकता?" मी हसून टाळतो.

तिला वाचता येत नाही. उद्या हे लिहिलेलं मीच वाचून दाखवीन.