साइटवाले पेंटरचाचा

वेबसाइट बनवणारा माणूस खुर्चीत बसून काम करतो, असा माझा समज होता. आमचे पेंटरचाचा लॅपटॉप स्टुलावर ठेवायचे, पाच-सहा पावलं मागे पार दारापर्यंत जायचे आणि एक डोळा बारीक करून तिथून पडद्याकडे बघायचे. मग पुढे येऊन एखादं अक्षर जरासं मोठं करायचे, की पुन्हा मागे. या येरझाऱ्यांत त्यांनी माझ्या टेबलावरचा चहा दोनदा सांडला. नवापूरच्या बाजारातले निम्मे बोर्ड त्यांच्या हातचे. पुढे फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश वाळले. तेव्हा पन्नाशी उलटलेला हा माणूस कॉलेजच्या पोरींच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकला आणि आसपासच्या छोट्या संस्थांच्या साइटी करू लागला.

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, हा धंद्याचा नियम त्यांना मान्य नव्हता. कोंबडीवाल्यांच्या संघटनेला पहिल्या पानावर गोल फिरणारं अंडं हवं होतं. चाचांनी ते फिरवून दाखवलं, दारापर्यंत मागे जाऊन बघितलं आणि काढून टाकलं. "अंडं फिरस म्हनीसन कोनी दोन जास्ती खात नई," असं त्यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. अध्यक्ष दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं आले.

विसरवाडीजवळ मी एक छोटं वसतिगृह चालवतो. दिवाळी झाली की डोंगराकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांची चाळीस मुलं शाळा बुडू नये म्हणून माझ्याकडे राहतात. देणगीदारांना दाखवायला एक साइट हवी म्हणून मी चाचांना बोलावलं. संस्थेची उद्दिष्टं, अध्यक्ष म्हणून माझं मनोगत, असा चार पानी मजकूर लिहून तयार ठेवला होता. त्यांनी तो घडी घालून खिशात टाकला. "गुरुजी, हाई मंग दखू. मले पहिले पोरे दखाडा."

ते दोन दिवस मुलांत बसले. मग त्यांनी जी साइट केली, तशी मी दुसरी पाहिलेली नाही. तिच्यात वाचण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. चाळीस चेहरे होते. नाव नाही, गाव नाही. ते कुणालाही कळता कामा नये, यावर चाचा अडून बसले होते. आईबापांनी आपल्या लेकराच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्या आठवड्याचा फोटो उघडे आणि त्याचा आवाज येई, "आई, मी बरा आहे, काल भाजी चांगली होती." उसाच्या फडात बोलायला रेंज आणि सवड एकाच वेळी कधी मिळत नाही. साइट मात्र मिळेल तेव्हा उघडता येई. दर रविवारी मुलांचे नवे फोटो आणि आवाज मी माझ्या फोनवरून तिच्यात चढवत असे, तेवढं चाचांनी मला शिकवलं होतं. "बोर्ड वाचनारासाठे नई ऱ्हास, थांबनारासाठे ऱ्हास," चाचा म्हणाले. माझं मनोगत कुठे गेलं, हे विचारायची मग मला लाज वाटली.

मुकादमाचे ट्रक निघायच्या दिवशी ते दरवर्षी विसरवाडीच्या फाट्यावर हजर असत. प्रत्येकाचा फोन हातात घेऊन पडद्यावर मोहाच्या झाडाचं एक चित्र बसवून देत. त्यावर बोट ठेवलं की साइट उघडायची. ट्रकात चढलेल्या बायाही वाकून फोन पुढे करत आणि चाचा चाकावर पाय देऊन चढत. त्या वेळी त्यांचं वय कुणाला आठवत नसे.

एका बाबतीत मात्र ते चुकले आणि मीही त्यांच्याबरोबर चुकलो. सगळ्या संस्थांच्या साइटींची नावं, म्हणजे त्यांचे इंटरनेटवरचे पत्ते, त्यांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या फोन नंबरवर घेतली होती. यात लबाडी नव्हती. पूर्वी एका मंडळाचा सेक्रेटरी भांडून गेला आणि जाताना साइटीची किल्लीच घेऊन गेला, तेव्हापासून त्यांनी कुणाच्या हाती किल्ली दिली नाही. पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "आठे शे. डोकं कोनी चोरी लई जात नई." मी हसलो. हसायला नको होतं.

गेल्या दिवाळीनंतर ट्रक गेले आणि पंधरा दिवसांत चाचांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी दवाखान्यात जाऊन आलो, चाचींना धीर दिला, मोसंबी ठेवली. साइटीला काही होईल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. दरवर्षी तिची मुदत वाढवावी लागते आणि ते काम चाचा न सांगता करत, हे मला ठाऊकच नव्हतं.

मला कळलं ते दिनेशची आई सोनीबाई ऊसतोडीवरून आली तेव्हा. सुरतेकडच्या गाडीनं ती खांडबाऱ्याला उतरली होती आणि मिळेल त्या जीपनं सकाळी दारात उभी राहिली. हाताला उसाचे ओरखडे तसेच होते. "मन्हा पोऱ्या कोठे शे?" एवढंच ती विचारत होती. दिनेशला वर्गातून आणलं. तिनं त्याचं डोकं, हात, पाय सगळं चाचपून पाहिलं आणि मग खाली बसली. "तीन दिन व्हयनात गुरुजी, फोनमा त्यानं तोंडच निंघत नई. तठे बाकीन्या बाया बी रडी ऱ्हायन्यात."

मी माझ्या फोनवर साइट उघडली. पांढरं पान आलं. चाळीसातलं एकही तोंड नव्हतं. नवी साइट कुणीही करून दिली असती, पण ती त्या झाडाच्या चित्रातून उघडली नसती. आणि माणसं दहा-बारा पडावांवर विखुरलेली, नंबर दर मोसमात बदललेले. कुणाला कसं कळवणार होतो? दोन दिवसांत चालू करतो, असं मी सोनीबाईला सांगितलं. तिनं विश्वास ठेवला आणि दुपारच्या गाडीनं परत गेली.

दुसऱ्याच दिवशी मी नवापूरला गेलो. चाचा बाहेरच्या खोलीत खाटेवर होते. "सगळं समजस त्यास्ले, गुरुजी," चाची म्हणाल्या, "पन बोल निंघत नई." साइट बंद पडल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. पासवर्ड लिहायला डाव्या हातात पेन्सिल दिली. इतकी वळणदार अक्षरं काढणाऱ्या त्या माणसानं कागदावर चार आडव्या रेघा ओढल्या आणि पेन्सिल टाकून दिली. नव्या पासवर्डसाठी ज्यावर ओटीपी आला असता, तो त्यांचा जुना नंबर रिचार्जवाचून बंद होऊन गेला होता. शेवटी साइटींची नावं देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः बोलावं, असं ती म्हणाली. मी फोन चाचांच्या कानाला लावला.

त्यांनी सगळा जीव एकवटला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. तोंडातून नुसता "हा... हा..." असा आवाज आला. "सर, आपला आवाज नीट येत नाहीये," ती मुलगी म्हणत राहिली. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तसा मी फोन काढून घेतला.

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. त्यांना तसंच सोडून जायचा धीर मला झाला नाही. उगाच मोठ्यानं कुणाशी तरी बोलल्यासारखं केलं आणि आत येऊन म्हणालो, "चाचा, त्यांच्या मोठ्या साहेबांशी बोललो. झालं काम. सगळी पोरं दिसायला लागली."

त्यांचा चेहरा निवळला. चाचींनी डोळे पुसले. मग चाचांनी डावा हात हळूहळू माझ्या फोनकडे पुढे केला आणि दाखवा म्हणून बोटं हलवली.