भंगारातला पंप

ब्रेक ऑइलचा वास आला की मला भावडबारीचा घाट आठवतो. भाड्याने चालवायला मी जुनी पिकअप घेतली होती आणि दुरुस्तीत खिसा रिकामा झाल्यामुळे हट्टाने ब्रेकचा पंप भंगार बाजारातला बसवून घेतला होता. पहिली खेप देवळ्याहून कांद्याची होती. निघताना तो बसवणारा साठीचा मेकॅनिक न विचारताच शेजारी येऊन बसला. "पंप जुना लावलाय, पहिल्या उताराला मी असणार," एवढंच म्हणाला. भरल्या गाडीने घाट उतरू लागलो तेव्हा माझे तळहात घामाने स्टिअरिंगवरून निसटत होते. मागून गोण्यांचा रेटा जाणवत होता आणि त्याची मूठ हँडब्रेकवर होती. "दुसऱ्या गिअरमधीच ऱ्हाऊ दे. घाई नाय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. एका वळणावर पेडल पार तळाला गेलं. त्याने हँडब्रेक ओढला, मी दुसऱ्यांदा पेडल दाबलं, आणि गाडी कठड्याच्या अलीकडे थांबली. खाली उतरलो, तर तोच चाकाला टेकून मटकन खाली बसला. "खरं सांगू? मला बी भरोसा नव्हता," तो म्हणाला. आज माझी गाडी नवी आहे, पण 'काही होत नाही' म्हणणाऱ्या कुणापेक्षाही त्या घाबरलेल्या माणसावर माझा अजूनही जास्त विश्वास आहे.